तालुक्याचा रकाना

दिंडोरीच्या रुमालात निघाले ते दोन तक्ते.
गाठ सोडली तर आधी झुरळांची अंडी,
मग कापडावर डकवलेला कागद, चहाच्या रंगाचा,
आणि त्यावर एक नदी
जी आमची नव्हती.

सव्वीस वर्षं मी या खोलीत आहे.
नदी उलटी धरली तरी मला कळते.
नासर्डी कशी अंग चोरून गोदेला मिळते, ते कळतं.
सरस्वतीचा नाला सराफ बाजाराच्या पोटातून जातो.
जुन्या तक्त्यावर तो उघडा आहे, वर दुकानं नाहीत.
आता दहीपुलावर उभं राहून लोक विचारतात, पूल कुठाय?
पूर आला की नाला स्वतःचा नकाशा स्वतःच काढतो,
सोनारांच्या उंबऱ्यापर्यंत, गाळाच्या शाईनं.

ही नदी मात्र कुठेच बसेना.
गांगुर्डे, आमचे जुने साखळीवाले, पेन्शनीच्या कामाला आलेले,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "कळवणकडचं दिसतंय."
म्हटलं, कळवणात इतके क्रूस कुठले, मामा.

नाव वाळवीनं खाल्लेलं.
"काउंटी" तेवढं शाबूत, आणि शहराच्या नावाचं शेपूट.
शिक्के मारणाऱ्या तौसीफनं मोबाइलवर
वळणाला वळण जुळवत संध्याकाळपर्यंत काढलं:
आयर्लंड.
कोणी साहेब घराच्या आठवणीसाठी घेऊन आला असेल,
नाहीतर इथल्या पोरांना शिकवायला,
डोंगराचा उतार रेघांनी कसा दाखवायचा.
दिंडोरीत का बांधला ते विचारू नका.
आमच्याकडे चुकीच्या रुमालात काय काय नाही.

दोन्ही तक्त्यांवर गाव एकच.
तोच ओढा, तीच चुन्याची भट्टी, तीच देवाची विहीर.
पहिल्यावर ओढ्याकाठी काळे चौकोन, तिळाएवढे.
मोजले. एकतीस.
दुसरा अठरा वर्षांनंतरचा. त्यावर चार.
भिंग लावून बघितलं, खरवडल्याची खूण नाही.
कुणी पुसली नव्हती घरं.
नव्यानं काढताना नुसती काढली नव्हती.

मंगळवारी यमुनाबाई बेंडकोळी आल्या.
गंगापूर धरणाच्या आधीचा, गावठाणाचा तक्ता हवा होता.
अर्जात "प्रयोजन" असा रकाना असतो,
तिथं लोक लिहितात दावा, वाटणी, कर्ज, हरकत.
यांनी नातवाकडून लिहून आणलं होतं: बघणे.

त्यांचा तक्ता सापडेस्तोवर त्या टेबलाशी उभ्या.
"हे कोणाचं गाव?"
"लांबचं. समुद्रापलीकडचं."
बोट पहिल्या तक्त्यावरून दुसऱ्यावर गेलं, परत आलं.
"पाणी भरलं का इथं?"
"नाही. बटाटा सडला. माणसं मेली, उरली ती बोटीनं गेली."
"निस्ता बटाटा?"
काय सांगणार. मलाही तौसीफनंच सांगितलेलं.
"मग यांची नक्कल मागायला कोण येतं?"

तौसीफ हसला, आणि मग शिक्का हातात धरून
उगाच शाईच्या डबीत बघत राहिला.

त्यांचा तक्ता मिळाला. नदीच्या वरच्या अंगाला,
जिथं आता हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात तिथं,
सात घरं. तिसरं त्यांच्या आईचं.
"दार उगवतीला होतं. ते नाही काढलं."
म्हटलं, दारं काढत नाहीत, बाई. नियम नाही.
नक्कल हातात पडली, फी भरली, पावती घेतली.
मग माझी पेन्सिल मागून घेतली त्यांनी
आणि चौकोनाच्या एका बाजूला
एवढीशी जागा खोडरबरानं उघडली.

साक्षांकित प्रतीत फेरफार. कलम मला पाठ आहे.
मी खिडकीबाहेर बघत होते.

सहा वाजता ते दोन तक्ते नव्या रुमालात बांधले.
चिठ्ठीवर जिल्हा लिहायचा असतो, मी काउंटी लिहिलं,
जेवढं उरलंय तेवढं.
तालुका सोडून दिला.
खाली प्रयोजनाचा रकाना नसतो चिठ्ठीवर.
आखून घेतला.